म्हसावदची वही आणि अमळनेरचे तीन शेअर

खानदेशातील पैशाचा इतिहास सांगणाऱ्या या धाग्यात आजवर कापसाचे भाव आले, सावकारांची गहाणखते आली, ताप्ती व्हॅली रेल्वे आली. आजच्या भागात एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, लांबट, दोऱ्याने शिवलेली. कोणत्याही आडत दुकानात अशा शंभर सापडाव्यात. ही मात्र म्हसावदच्या एका घरातील पत्र्याच्या पेटीत होती, आणि ती उघडली गेली नसती तर त्या घरातील दोन भावंडांत कायमचे वितुष्ट येण्याची वेळ आली होती.

म्हसावद हे शहादा तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ पूर्वी धुळे जिल्ह्यात होते, आणि त्याआधी पश्चिम खानदेशात. शेअर बाजाराचा इतिहास लिहिणारे मुंबईच्या दलाल स्ट्रीटपासून आरंभ करतात. अशा गावांचा उल्लेख त्यात येत नाही. आलाच तर कापसाच्या निमित्ताने येतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तो पैसा मुंबईत जाऊन शेअरच्या सट्ट्यात वाढू लागला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. युद्ध संपले, आणि १ जुलै १८६५ रोजी सारा डोलारा कोसळला. खानदेशाने शेअर या गोष्टीचे नाव ऐकले ते असे, बुडाल्याच्या बातमीसह.

वहीचे धनी मात्र सटोडिये नव्हते. घरात त्यांना आप्पा म्हणत. वयाच्या सतराव्या वर्षी, १९६५ मध्ये, ते शहाद्याच्या एका आडत दुकानात मुनीमजींच्या हाताखाली लागले आणि पुढे स्वतःच मुनीम झाले. सकाळच्या एसटीने शहाद्याला जायचे, संध्याकाळच्या गाडीने म्हसावदला परतायचे. काम कीर्द-खतावणीचे. कोणत्या शेतकऱ्याची किती पोती आली, तोलाई-हमाली किती कापली, आडत किती, उचल किती, पट्टी कधी दिली, हे सारे त्यांच्या एकसारख्या, किंचित डावीकडे झुकलेल्या अक्षरात दुकानाच्या वह्यांतून उतरे. दुकानाची वही मालकाची असते. म्हणून मुनिमाने घरी आपली एक स्वतंत्र वही ठेवली होती, आणि दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला तिच्यावर हळदकुंकू वाहून तो नवीन पान उघडी.

त्या वहीत १९७६ च्या पाडव्यानंतर तिसऱ्या ओळीवर एक नोंद आहे: ‘अमळनेर तूप कंपनी – शेअर ३.’

या नोंदीचा अर्थ कळण्यासाठी थोडे अमळनेरला जावे लागेल. बोरी नदीकाठचे हे गाव सुरत–भुसावळ लोहमार्गावर आहे. इतिहासप्रेमी वाचकांना ते साने गुरुजींच्या प्रताप हायस्कूलमुळे आणि तत्त्वज्ञान मंदिरामुळे ठाऊक असते. भोवतालचा प्रदेश कापसाचा आणि भुईमुगाचा. महंमद हुसेन हाशम प्रेमजी हे तांदळाच्या व्यापारातील मुंबईचे मोठे नाव. त्यांनी तेलबियांच्या या पट्ट्यात वनस्पती तुपाचा कारखाना काढण्याचे ठरवले आणि २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदवली. कारखाना अमळनेरला उभा राहिला. तेथे वनस्पती तूप होई आणि तेलाच्या जोडधंद्यातून कपड्यांचा साबणही. कंपनीचे भाग लवकरच लोकांना विक्रीस निघाले. अमळनेर परिसरातील काही व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनीही ते घेतले. दर्शनी किंमत १०० रुपये. कंपनीच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून पुढे ‘विप्रो’ हा शब्द तयार झाला, तो १९७७ मध्ये. म्हणजे आप्पांनी शेअर घेतले तेव्हा ‘विप्रो’ हे नाव अजून जन्मायचे होते.

येथे दुसऱ्या एका बापलेकाची गोष्ट ओलांडून पुढे जाता येत नाही. ऑगस्ट १९६६ मध्ये महंमद हुसेन प्रेमजी अकस्मात वारले. मुलगा अझीम तेव्हा २१ वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून तो परतला आणि तूप-साबणाच्या त्या कंपनीचा कारभार त्याच्या अंगावर पडला. भागधारकांच्या पहिल्याच सभेत एका सभासदाने उठून त्याला सल्ला दिला की, हे तुला झेपायचे नाही, अनुभवी माणसाच्या हाती कंपनी दे आणि मोकळा हो. हा प्रसंग अझीम प्रेमजींनीच पुढे सांगितलेला आहे. त्या सभासदाला हसणे सोपे आहे. परंतु एकवीस वर्षांच्या पोरावर आपली शिल्लक सोपवताना कोणालाही जी धास्ती वाटेल तीच त्याने बोलून दाखवली होती.

आप्पांना या सभेची वार्ता नव्हती. त्यांना कंपनी ठाऊक होती ती शेंगांवरून. दुकानातून भुईमुगाचा माल कधी ट्रकने, कधी दोंडाईच्याहून रेल्वेने अमळनेरला जाई, आणि हिशेब मिटवण्यासाठी मुनीम मागोमाग जाई. शेंगेत ओल किती, दाण्याचा उतारा किती, हे कारखान्याच्या फाटकावर कसे पाहिले जाते याचे त्यांनी बारीक निरीक्षण केले होते. मुलीला त्यांनी पुढे एकदा सांगितले होते, “जो माल मोजून घेतो आणि पैसे बोलल्या दिवशी देतो, त्याच्याकडे आपले चार पैसे ठेवायला हरकत नाही.” गुंतवणुकीचे त्यांचे सारे संशोधन एवढेच होते. ताळेबंद त्यांना उत्तम वाचता येत असे, पण इंग्रजी छापील अहवालापेक्षा त्यांनी फाटकावरच्या काट्यावर अधिक भरवसा ठेवला.

शेअर मिळाले तेही मुंबईहून नव्हे. अमळनेरच्या एका जुन्या भागधारकाला पैशांची निकड होती. हस्तांतराचा कागद भरला, तिकिटे लावली, सही जुळली नाही म्हणून तो एकदा परत आला, पुन्हा गेला, आणि काही महिन्यांनी म्हसावदच्या पोस्टात रजिस्टर टपालाने तीन शेअरचे प्रमाणपत्र आले. त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली होती.

त्या काळी शहादा तालुक्यात ‘शेअर’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सहकारी साखर कारखान्याचा भाग येई. दोन्हींना एकच शब्द, पण स्वभाव अगदी निराळे. सहकारातील भाग दर्शनी किमतीला घ्यायचा आणि दर्शनी किमतीलाच परत करायचा. तो वाढत नाही, पण त्यासोबत ऊस नेण्याचा हक्क येतो आणि सभासदाजवळ दहा भाग असोत की एक, मत एकच. कंपनीच्या शेअरला ऊस नाही, आणि मत शेअरगणिक. त्याची किंमत मात्र वर जाऊ शकते किंवा शून्यही होऊ शकते. आप्पांकडे दोन्ही होते. गावात प्रतिष्ठा पहिल्याला होती; दुसऱ्याविषयी ते फारसे बोलत नसत.

आता बोनस शेअर म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. कंपनीचा सगळाच नफा लाभांश म्हणून वाटला जात नाही. उरलेल्याची गंगाजळी साठते. ती गंगाजळी भांडवलात वर्ग करून तिच्या बदल्यात भागधारकांना फुकट शेअर देणे म्हणजे बोनस. एकास एक बोनस म्हणजे ज्याच्याजवळ एक त्याच्याजवळ दोन. विभाजनात दर्शनी किंमत लहान होते आणि संख्या वाढते; १०० रुपयांचा एक शेअर मोडून १० रुपयांचे दहा. एका भाकरीचे दोन तुकडे केल्याने भाकरी वाढत नाही, हे खरेच. बोनसनंतर बाजारातील भावही त्या प्रमाणात उतरतो. फरक पडतो तो कंपनी वाढत राहिली तर. मग उतरलेला भाव पुन्हा चढतो आणि तुकड्याची भाकरी होते. १९९२ पर्यंत बोनस देण्यासही दिल्लीतील भांडवल नियंत्रकाची परवानगी लागे, हे आजच्या पिढीला सांगावे लागते.

या कंपनीने १:१ बोनस दिला १९८१ मध्ये, पुन्हा १९८५ मध्ये. १९८६ मध्ये १०० चा शेअर १० चा झाला. मग १९८७, १९८९, १९९२ आणि १९९५ मध्ये पुन्हा १:१. १९९७ मध्ये एकास दोन. १९९९ मध्ये १० चा शेअर २ चा झाला. २००४ मध्ये एकास दोन, २००५ मध्ये एकास एक, २०१० मध्ये तीनास दोन, २०१७ मध्ये एकास एक, २०१९ मध्ये तीनास एक, आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा एकास एक. गुणाकार करून पाहावा. १९८० मधील एका शेअरचे आज ५,१२,००० शेअर होतात. अमळनेरला वर्तमानपत्रांनी कोट्यधीशांचे गाव म्हटले ते याच गुणाकारामुळे. ज्यांच्या आजोबांनी, वडिलांनी ते कागद जपून ठेवले त्यांची घरे पालटली, ही गोष्ट खरी आहे आणि ती खानदेशभर सांगितली जाते.

ती सांगताना एक वाक्य हमखास येते: त्यांनी विकले नाही. जणू न विकणे हा केवळ दृढनिश्चयाचा प्रश्न होता. म्हसावदच्या वहीत या वाक्याची दुसरी बाजू आहे. न विकणे त्यालाच जमते ज्याच्या घरात अडचणीच्या वेळी विकायला दुसरे काहीतरी असते. मुनिमाच्या घरी पगार होता, थोडी कोरडवाहू जमीन होती, बायकोच्या अंगावरचे सोने होते आणि हे तीन कागद होते. जमीन विकायची नाही, हा अलिखित कायदा. मग अडचण आली की पेटी उघडे.

तीनचे सहा झाले १९८१ मध्ये. १९८३ मध्ये त्यातील चार विकले. उरले दोन. १९८५ मध्ये चार, १९८६ मध्ये चाळीस, १९८७ मध्ये ऐंशी, १९८९ मध्ये १६०, १९९२ मध्ये ३२०. हर्षद मेहताच्या त्या वर्षी शहाद्याच्या चहाच्या टपऱ्यांवरही शेअरची चर्चा होती, ज्यांनी आयुष्यात ताळेबंद पाहिला नव्हता ते सिमेंटच्या भावाबद्दल बोलत होते. आप्पांनी त्या लाटेत काहीही घेतले नाही आणि काहीही विकले नाही. वहीत त्या साली नोंद आहे ती बोनसचे १६० आल्याची, आणि पत्रे बदलल्याची. गाय वारल्याचीही आहे.

१९९४ मध्ये मुलीला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. शुल्क, वसतिगृह, खानावळ. तालुक्यातून मुलीला इतक्या दूर पाठवणे हेच तेव्हा नवलाचे होते, त्यासाठी घरातील शिल्लक मोडणे हे तर भावकीच्या दृष्टीने वेडच. आप्पांनी ३०० शेअर विकले. २० उरले. बाजारात व्यवहार पन्नास-शंभराच्या लॉटमध्ये होत. वीस शेअरचा सुटा तुकडा दलाल पडत्या भावाने मागत होता, म्हणून तो पेटीत राहिला. दूरदृष्टी वगैरे काही नाही. गिऱ्हाईक मिळाले नाही, इतकेच.

त्या विसाचे १९९९ पर्यंत ६०० झाले होते. कंपनी १९८० च्या सुमारास संगणकाच्या व्यवसायात शिरली होती, आणि आता तूप-साबण हा तिचा लहानसा कोपरा उरला होता. आप्पा याबाबत प्रामाणिक होते. शेंगा पाहून घेतलेला शेअर संगणकामुळे वाढला, यात आपली काही अक्कल नाही, असे ते हसून सांगत. फेब्रुवारी २००० मध्ये २ रुपये दर्शनी किमतीचा तो शेअर १०,००० रुपयांच्या आसपास पोहोचला. शहाद्याहून माणसे मुद्दाम म्हसावदला येऊन सांगत, “मुनीमजी, आता काढा.” त्यांनी काढले नाहीत. पुढील दीड वर्षात त्या भावाचा बहुतांश भाग विरून गेला. न विकणे हे नेहमीच शहाणपणाचे असते असे मानणाऱ्यांनी हेही टिपून ठेवावे. २००२ मध्ये पत्नीच्या आजारपणात त्यांनी ५४० शेअर विकले, तेव्हा भाव शिखराच्या जवळपासही नव्हता. ती वाचली नाही. उरले ६०.

साठाचे २००४ मध्ये १८०, २००५ मध्ये ३६०, २०१० मध्ये ६००, २०१७ मध्ये १,२००, २०१९ मध्ये १,६००. हे शेवटचे आकडे वहीत थरथरत्या अक्षरात आहेत. कागदी प्रमाणपत्रे केव्हाच धुळ्याला जाऊन डीमॅट झाली होती, रजिस्टर टपाल येणे थांबले होते, तरी ते फोनवर मुलीला विचारून आकडा घेत आणि पाडव्याला वहीत चढवत.

पेटीत आणखी एक प्रमाणपत्र होते, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते अधिक मोलाचे वाटावे. आप्पांच्या वडिलांनी घेतलेला, खानदेशातील एका कापडगिरणीचा शेअर. जाड कागद, गिरणीचे कोरीव चित्र, इंग्रजीत वळणदार सही. त्या काळी गिरणी म्हणजे धुराडे, भोंगा, हजारो हात. वनस्पती तुपापेक्षा कितीतरी भक्कम वाटावी अशी गोष्ट. १९७४ च्या कायद्याने देशभरातील १०३ आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. नुकसानभरपाईची रक्कम आधी धनकोंकडे जायची होती, भागधारकांचा क्रम शेवटचा. खानदेशात अशी किती प्रमाणपत्रे पेट्यांतून पडून असतील याची गणती कोणी केलेली नाही, कारण त्यांच्यामुळे कोणी कोट्यधीश झाला नाही. दोन्ही आजोबांनी सारख्याच विश्वासाने पैसे ठेवले होते. एकाच्या नातवाला वर्तमानपत्राने गाठले.

आप्पा २०२४ च्या आषाढात गेले. वय ७६. मुलगी पुण्याहून आली, दिवसकार्य झाले, परतली. मुलगा म्हसावदलाच शेती पाहतो. सहा वर्षांनी धाकटा. वाटणीचा विषय दिवाळीत निघाला, कारण ऑक्टोबरमध्येच कंपनीने पुन्हा बोनस जाहीर केला होता आणि तालुक्यात ज्याच्या-त्याच्या तोंडी तीच चर्चा होती. जमीन भावाकडे राहावी, यावर बहिणीचा काहीच आक्षेप नव्हता. शेअर अर्धे-अर्धे करावेत असे ती म्हणाली. तेव्हा भावाने खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढे एक आकडा धरला: ४,८०,०००.

“ताई, तुझ्या कॉलेजला आप्पांनी तीनशे विकले. आज ते इतके झाले असते. तुझी वाटणी तर चौऱ्याण्णव सालीच झाली.”

आकडा चूक नव्हता. १९९४ नंतरचे सगळे बोनस आणि विभाजन लावले, जाहीर झालेला नवा बोनसही धरला, की ३०० चे ४,८०,००० होतात. बहीण काही बोलली नाही. असे वाक्य एकदा उच्चारले गेले की त्यानंतर माहेरी येणे-जाणे पूर्वीसारखे राहत नाही, हे दोघांनाही कळत होते. त्या रात्री ती झोपली नाही, एवढे तिने नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता, २ नोव्हेंबर. वहीला हळदकुंकू वाहण्याची रीत मोडू नये म्हणून तिने पेटीतून वही काढली, आणि पूजेआधी चाळू लागली. मुनीम आपली घरची वहीसुद्धा दुकानासारखीच लिहीत. प्रत्येकाचे खाते वेगळे. आईचे, आत्याचे, मुलीचे, मुलाचे. मुलीच्या खात्यावर १९९४ मध्ये नावे टाकलेले होते: शेअर ३००, खाली शुल्क आणि खानावळीचा तपशील. तिने ते पाहिले आणि पान उलटले. पुढचे खाते भावाचे. त्यावर १९८३ च्या पावसाळ्यातील एक नोंद होती: धुळे दवाखाना, बाळास मेंदूज्वर, एकवीस दिवस. शेअर ४. पाटल्या २.

भाऊ तेव्हा एक वर्षाचा होता. आजारपण त्याला ऐकून ठाऊक होते, त्यासाठी काय गेले ते ठाऊक नव्हते. आईच्या हातात पाटल्या का नाहीत, असे लहानपणी दोघांनीही विचारले होते आणि कधीच धड उत्तर मिळाले नव्हते.

चार शेअर. तीनशेंपुढे चार काय, असे कोणालाही वाटेल, आणि भावाने हिशेब मांडताना ते धरलेही नव्हते. पण ते चार १०० रुपये दर्शनी किमतीचे होते, आणि १९८५ चा बोनस, १९८६ चे विभाजन, ८७, ८९, ९२ हे सगळे त्यांच्यापुढे अजून यायचे होते. बहिणीने वही भावापुढे ठेवली. स्वतः गुणाकार केला नाही. करण्याची गरजही नव्हती, कारण वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानांपैकी एकावर पेन्सिलीने तो केलेला होता. वर ‘महाशिवरात्र’ असे लिहिले होते, साल २०००. भाव शिखरावर होता ते दिवस. एका ओळीत ४ पासून आरंभ करून ८, ८०, १६०, ३२०, ६४०, १,२८०, ३,८४०, १९,२००. दुसऱ्या ओळीत ३००, ६००, १,८००, ९,०००. खाली एक आडवी रेघ. बेरीज केलेली नव्हती. ज्या माणसाने चाळीस वर्षे एकही ओळ बेरजेविना सोडली नाही, त्याने ती रेघ मारून पेन्सिल खाली ठेवली होती.

म्हणजे त्यांना माहीत होते. शहाद्याची माणसे ओसरीवर बसून “आता काढा” म्हणत होती तेव्हा, हातचे काय गेले याचा नेमका आकडा त्यांच्याजवळ होता, आणि त्यानंतरची चोवीस वर्षे त्यांनी तो ना मुलीला सांगितला ना मुलाला. दोन्ही खात्यांच्या तळाशी त्याच पेन्सिलीने एकच शेरा होता: ‘खाते बंद. बाकी निरंक.’ आडत दुकानात हा शेरा तेव्हा पडतो, जेव्हा देणेही उरत नाही आणि घेणेही. एवढी रक्कम नावे असलेले खाते जमेची एकही नोंद नसताना बंद करणे हे मुनिमाच्या शिस्तीत बसत नाही. मालकाने पाहिले असते तर जाब विचारला असता.

भावाने १९,२०० च्या पुढे मोबाइलवर २००४ पासूनचे आकडे लावले. दोन वेळा लावले. १०,२४,००० आले. त्याने काही न बोलता मोबाइल उलटा ठेवला आणि मोटर बंद करायला म्हणून शेताकडे निघून गेला. दिवसा वीज नव्हती, त्यामुळे मोटर चालू असण्याचे कारण नव्हते. बहिणीने त्याला तसे म्हटले नाही.

तो परतला तेव्हा पूजा व्हायची होती. हळदकुंकू त्यानेच वाहिले. मग नवीन पान उघडून, वडिलांसारखे एकसारखे येत नसले तरी जपून, त्याने पाडव्याची तिथी लिहिली आणि खाली नोंद केली: विप्रो १,६००. ताई ८००. स्वतः ८००. बोनस आल्यावर दोघांस आणखी ८००.

गिरणीचे प्रमाणपत्र कोणी घ्यायचे यावर थोडी ओढाताण झाली. ते आता पुण्यात चौकटीत आहे, वही म्हसावदलाच.